वायफायला जोडलंय, पण नेट नाही : लाईनवाल्याला फोन करण्याआधी घरातच काय तपासाल?

रात्रीचे साडेआठ. कुवेतमध्ये तेव्हा सहा वाजलेले असतात. अब्बांची ड्युटी सुटलेली असते, इकडे दादी चष्मा पुसून मोबाईलसमोर बसलेली असते. आणि नेमकं त्याच वेळी स्क्रीनवर येतं, 'जोडलेले आहे, इंटरनेट नाही'. कोकणातल्याच नव्हे, आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत हा प्रसंग महिन्यातून एकदा तरी येतोच.

पूर्वी नेट गेलं तर फार तर सिनेमा अर्धा राहायचा. आता तसं नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म, अकरावीचा आणि सीईटीचा प्रवेश, हजचा अर्ज, वीजबिल, मुलीचा ऑनलाईन मदरसा, परदेशातल्या माणसाशी बोलणं, सगळं त्या कोपऱ्यातल्या डब्यावर येऊन ठेपलंय. म्हणून हा डबा बिघडला तर काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे घरातल्या निदान दोघांना तरी माहीत हवं.

हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. आमच्या घरी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि नेट गेलं. घाईघाईत भाच्याने सुई घेतली आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकात दाबून धरली. राउटरमधलं सगळं सेटिंग पुसलं गेलं. लाईनवाल्याच्या ऑफिसात फोन केला तर उत्तर आलं, 'आता युजरनेम-पासवर्ड परत टाकावा लागेल, आमचा माणूस परवा येईल'. माणूस आला तेव्हा कळलं की मूळ बिघाड काहीच नव्हता. सकाळी फडताळ पुसताना एक वायर निघाली होती, ती चुकीच्या खाचेत बसवली गेली होती. दहा सेकंदांचं काम दोन दिवसांवर गेलं. फॉर्म शेजारच्या मुलाच्या मोबाईलवरून कसाबसा भरला, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्री घरातल्या कुणालाच नीट झोप लागली नाही.

आधी अडलेलं काम उरका

फॉर्मची मुदत आज संपत असेल तर राउटरशी झटापट करत बसू नका. एखाद्या मोबाईलवर हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप किंवा दुसरा फोन त्याला जोडा. फॉर्म भरायला फार डेटा लागत नाही. डेटा खातो तो व्हिडिओ. त्या वेळेपुरते बाकीच्यांनी रील बघणं थांबवलं तरी पुरे. घरात मोबाईलची रेंजच नसेल तर जवळचं महा ई-सेवा केंद्र गाठा. काम झालं की मग शांतपणे राउटरकडे वळा. घाबरून केलेल्या दुरुस्तीत नवा बिघाड होतो, हा आमचाच अनुभव.

वायफाय वेगळं, इंटरनेट वेगळं

मोबाईलवर वायफायच्या पूर्ण कांड्या दिसतात, मग नेट का चालत नाही? हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. त्या कांड्या फक्त एवढंच सांगतात की तुमचा मोबाईल आणि राउटर यांचं आपसात बोलणं चालू आहे. राउटरच्या मागून नेट येतंय की नाही, ते त्या सांगत नाहीत.

मशिदीतल्या वजूच्या नळाचं घ्या. नळाला पाणी नाही म्हटल्यावर आपण लगेच नळ खोलत नाही. आधी बघतो की एकच नळ कोरडा आहे की सगळे. सगळे असतील तर टाकी बघतो. टाकीही रिकामी असेल तर नगरपालिकेची लाईन. इथेही तसंच आहे. मोबाईल म्हणजे नळ, राउटर म्हणजे टाकी आणि बाहेरून येणारी फायबर म्हणजे नगरपालिकेची लाईन. दोष या तिघांपैकी कुठे आहे एवढं कळलं की अर्धं काम झालं. पुढचं सगळं तेवढ्यासाठीच.

एकाचंच बंद आहे की सगळ्यांचं?

घरातले दोन-तीन फोन घ्या आणि प्रत्येकावर कुठलंही नवीन पान उघडून बघा. हे करताना मोबाईल डेटा बंद ठेवा. नाहीतर फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय चालतंय. पुष्कळ घरांत 'भाईजानच्या फोनवर चालतं, माझ्याच नाही' हा वाद एवढ्यानेच मिटतो.

एकाच फोनवर बंद असेल तर दोष त्या फोनमध्ये आहे. राउटरला हात लावायचं कारण नाही. सगळ्यांवर बंद असेल तर डब्याकडे चला.

डब्यावरचे दिवे काय सांगतात

आता बहुतेक घरांत फायबरची लाईन आहे. काही घरांत एकच डबा असतो, त्यातच फायबर येते आणि त्यातूनच वायफाय मिळतं. काही घरांत दोन असतात. पहिल्या छोट्या डब्यात फायबर येते, त्यातून एक वायर दुसऱ्या डब्याला, म्हणजे राउटरला जाते. तुमच्याकडे काय आहे ते आजच बघून ठेवा. दिव्यांची नावं इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात, मोबाईलच्या टॉर्चने वाचता येतात. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, पण साधारण हिशोब असा.

पॉवर : हा दिवाच नसेल तर प्रश्न विजेचा आहे. प्लग, बटण, अडॅप्टर बघा.

पीओएन : हा हिरवा आणि स्थिर हवा. तसा असेल तर फायबर लाईन बाहेरच्या मशीनपर्यंत जुळलेली आहे. सारखा लुकलुकत असेल तर डबा जोडणी मागतोय, पण ती मिळत नाहीये.

एलओएस : हा दिवा लाल लागला किंवा लाल लुकलुकू लागला तर फायबरमधून उजेडच येत नाहीये. वायर घरात दुमडली असेल, बाहेर तुटली असेल किंवा ऑपरेटरकडेच बंद असेल. मोबाईलमध्ये कितीही सेटिंग बदललं तरी हे दुरुस्त होणार नाही.

इंटरनेट : बाकी सगळं हिरवं आणि फक्त हा बंद किंवा लाल असेल तर लाईन ठीक आहे, पण खातं चालू होत नाहीये. प्लॅन संपला, बिल राहिलं किंवा युजरनेम-पासवर्ड गेला, यातलं काहीतरी असतं.

वायफायचा दिवा, ज्यावर डब्ल्यूलॅन किंवा नुसतं २.४ आणि ५ लिहिलेलं असतं : हा बंद असेल तर मोबाईलच्या यादीत तुमच्या घराचं नावच दिसत नाही. काही डब्यांच्या बाजूला वायफाय बंद-चालू करायचं बटण असतं. लहान मुलांच्या हातून ते दाबलं जातं.

काही नव्या डब्यांवर एकच दिवा असतो आणि तो रंग बदलतो. अशा वेळी नेट चालू असताना त्याचा रंग कोणता आहे तो लक्षात ठेवा. खरं तर सगळ्यांनीच एक करावं. आज नेट नीट चालू आहे तेव्हाच डब्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. बिघाड झाला की तो फोटो समोर धरून तुलना करा. कोणता दिवा बदलला, कोणती वायर कुठे होती, लगेच कळतं.

वायर आणि अडॅप्टर

आता मागची बाजू. दोन डबे असतील तर पहिल्या डब्याची वायर राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या खाचेतच हवी. ही खाच बऱ्याचदा निळ्या किंवा पिवळ्या रंगाची, बाकीच्यांपेक्षा वेगळी असते. 'लॅन'च्या खाचेत वायर बसते, टक् आवाजही येतो, पण नेट येत नाही. आमच्याकडे झालं ते हेच. दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा.

बारीक पिवळी किंवा पांढरी वायर असेल ती फायबर. तिच्यात तांबं नसतं, केसासारखी काच असते. ती कपाटाच्या दारात चेपली, खिळ्याला गुंडाळली, तीव्र कोनात वळवली की उजेड अडतो. मोठा गोल वळसा चालतो, घडी चालत नाही. तिचं टोक उगाच काढू नका. धूळ बसली तरी सिग्नल कमी होतो. आणि निघालेल्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. मुलांना हे जरूर सांगा.

अडॅप्टरकडे कुणाचं लक्ष जात नाही. राउटरच्या खाली किती व्होल्ट, किती अँपियर लागतात ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १ अँपियर. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर पिनमध्ये बसला म्हणून लावला, असं होतं. व्होल्ट कमी असतील तर दिवे लागतात पण डबा मध्येच बंद-चालू होत राहतो. व्होल्ट जास्त असतील तर डबाच जळू शकतो. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपियर तेवढे किंवा जास्त असले तरी चालतात.

पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते तिथे राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेण्यासारखा आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, गावातली वीज गेली आणि ऑपरेटरकडेही बॅकअप नसेल तर तुमचा डबा चालू राहूनही नेट येणार नाही. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढून ठेवलेला बरा.

बंद-चालू करा, पण क्रमाने

'बंद करून चालू कर' हा सल्ला सगळेच देतात आणि तो खरोखर उपयोगाचा असतो. राउटर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. महिनोन्महिने चालू राहिला की कधीकधी अडकतो. पण बटण टकटक दाबून काही होत नाही. असं करा :

१. दोन्ही डबे बंद करा. एकच असेल तर तो.
२. पूर्ण एक मिनिट थांबा.
३. आधी फायबरचा डबा चालू करा. पीओएनचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. दोन-तीन मिनिटं लागतात.
४. मग राउटर चालू करा आणि पुन्हा तेवढाच वेळ द्या.
५. शेवटी मोबाईलचं वायफाय बंद करून परत चालू करा.

सब्र इथेही लागतो. तीस सेकंदांत नेट आलं नाही म्हणून परत बंद केलं तर डबा कधीच पूर्ण चालू होत नाही.

त्या बारीक भोकाला हात लावू नका

रिस्टार्ट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिस्टार्टमध्ये राउटर झोपून उठतो. रिसेटमध्ये तो सगळं विसरतो, वायफायचं नाव, पासवर्ड आणि ऑपरेटरने टाकलेला युजरनेमसुद्धा. काही मोठ्या कंपन्यांच्या डब्यात सेटिंग आपोआप परत येतं. गावातल्या केबलवाल्याच्या लाईनीवर बहुधा ते हाताने भरावं लागतं. म्हणून तो युजरनेम-पासवर्ड आधीच मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. पैसे तुम्ही भरता, ते मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. ऑपरेटरने स्वतः 'रिसेट करा' म्हटल्याशिवाय त्या भोकात सुई घालायची नाही.

दिवे ठीक, पण एकाच फोनवर नेट नाही

अशा वेळी फोनमध्ये हे बघा :

- विमानाचं चिन्ह दाबून फ्लाईट मोड चालू करा, दहा सेकंदांनी बंद करा.
- वायफायच्या यादीत घरच्या नावावर जाऊन 'विसरा' करा आणि पासवर्ड टाकून परत जोडा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर हे करावंच लागतं.
- तारीख आणि वेळ तपासा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर जुन्या फोनची तारीख मागे जाते आणि मग 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा संदेश येऊन पानं उघडत नाहीत.
- मुलांनी गेमसाठी व्हीपीएन टाकलं असेल तर बंद करा.
- यादीत घरचं नाव दोनदा दिसत असेल, एकाच्या शेवटी ५जी, तर राउटर असलेल्या खोलीत ५जी वापरा आणि लांबच्या खोलीत दुसरं. या ५जीचा मोबाईलच्या ५जीशी संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झ आहे. वेग जास्त, पण भिंत ओलांडायला कच्चा. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात २.४ गिगाहर्ट्झच मागच्या पडवीपर्यंत पोचतो. राउटर फडताळात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका. घराच्या मधोमध आणि उंचावर ठेवा.

कधी असं होतं की व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येतात, पण वेबसाईट उघडत नाहीत. तेव्हा बहुतेक वेळा नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडलेली असते. फोनमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा. पानं उघडू लागली तर दोष तिथेच होता.

सगळं चालतं, फक्त अब्बांचा कॉल लागत नाही?

आखाती देशांत माणसं असलेल्या घरांसाठी ही गोष्ट महत्त्वाची. यूट्यूब चालतं, बँकेचं ॲप चालतं, फक्त दुबईचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही, तर राउटर बिचारा निर्दोष आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवर बंधन आहे. मेसेज जातात, कॉल नाही. तिथे परवानगी असलेली ॲप वापरावी लागतात, जसं बोटिम. नवीन माणूस दुबईला गेला की पहिल्या आठवड्यात घरचे राउटर बदलायच्या गोष्टी करतात. तो खर्च वाचवा आणि दोन्हीकडे परवानगीचं ॲप टाका.

तक्रार करायची तर अशी

एलओएस लाल आहे किंवा सगळं करूनही नेट आलं नाही, तर दोष बाहेर आहे. आधी शेजाऱ्यांना विचारा, त्यांची लाईन त्याच ऑपरेटरची असेल तर त्यांचंही बंद आहे का. मग फोन करा. 'नेट बंद आहे' एवढंच सांगितलं की समोरचा पहिल्यापासून सुरू करतो, 'बंद-चालू करून बघा'. त्यापेक्षा असं सांगा : 'संध्याकाळी सहापासून एलओएस लाल आहे, अडॅप्टर आणि वायर तपासल्या, एकदा क्रमाने बंद-चालू केलं, शेजाऱ्यांचंही बंद आहे'. मग समोरच्याला टाळाटाळ करणं अवघड जातं आणि माणूस योग्य सामान घेऊन येतो.

तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर मोठ्या कंपन्यांकडे ट्रायच्या नियमाप्रमाणे अपील अधिकारी असतो. त्याच्याकडे जायला फी लागत नाही, पण तक्रारीचा नंबर लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही सांगता येतं. नेट बंद राहिलेल्या दिवसांची सूट बिलात जरूर मागा.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका

शेवटची गोष्ट, पण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. नेट गेलं की लोक मोबाईल डेटावर 'कस्टमर केअर नंबर' शोधतात. तिथे ठगांनी टाकलेले नंबरही असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, 'दहा रुपये भरून तक्रार नोंदवा' म्हणतो, एखादी लिंक पाठवतो किंवा तुमची स्क्रीन त्याला दिसेल असं ॲप टाकायला लावतो. थोड्या वेळात खातं रिकामं. राउटर दुरुस्त करायला तुमचा ओटीपी, यूपीआय पिन किंवा एटीएम कार्ड लागत नाही. कधीच नाही. नंबर घ्यायचा तो बिलावरचा, डब्याच्या मागच्या स्टिकरवरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला. तरीही फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आजच करायच्या चार गोष्टी

डब्याचा पुढून-मागून फोटो. लाईनवाल्याचा खरा नंबर आणि ग्राहक क्रमांक. युजरनेम-पासवर्ड. प्लॅन संपायची तारीख. हे चार एका कागदावर लिहून राउटरजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरातला एकुलता 'नेट समजणारा' मुलगा पुण्या-मुंबईला शिकायला गेला तरी अम्मीला किंवा दादीला तो कागद बघून काम करता येईल. मुलींनाही हे शिकवा. यात अवघड काहीच नाही.

आमच्याकडे आता तो कागद आहे. मध्यंतरी परत एकदा नेट गेलं तेव्हा दादीनेच टॉर्च मारून दिवे बघितले आणि आतून ओरडली, 'लाल नाही रे, वायर बघ'. वायर सैल झाली होती. दोन मिनिटांत अब्बांचा कॉल लागला. तुमच्याकडेही लागेल, इन्शाअल्लाह.